वेगळं ताट, वेगळा टॉवेल

प्रिय ताई,

मी ३६ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीचा वर्ग शिकवते. ३० जानेवारीला शाळेत कुष्ठरोगाच्या जनजागृतीचा कार्यक्रम होता. मुलांना प्रतिज्ञा मीच दिली. व्हरांड्यात पोस्टर लावलं होतं, त्यावर फिकट चट्ट्याचा फोटो होता. त्याच रात्री कपडे बदलताना मला डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, रुपयाएवढा फिकट डाग दिसला. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

आतापर्यंत चार डॉक्टर झाले. चौघांनीही शिबं आहे म्हणून सांगितलं. तालुक्याच्या डॉक्टर मॅडमनी डोळे मिटायला लावून दंडावर कापूस फिरवला. पुण्याच्या डॉक्टरांनी निळसर दिवा लावून बघितलं, डाग खरवडून काचपट्टीवर घेतला. चौथे डॉक्टर तर ओरडलेच, 'तुम्हाला त्वचेच्या नाही, डोक्याच्या डॉक्टरची गरज आहे.' पण लोशन लावून दीड महिना झाला, डाग आहे तिथेच आहे. मी दिवसातून कितीतरी वेळा त्याचा फोटो काढते. चारशेच्या वर फोटो झालेत. साडीच्या पिनेनं टोचून बघते. कधी लागतं, कधी कमी लागल्यासारखं वाटतं. मग रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर वाचत बसते. कधी वाटतं कोड आहे, कधी वाटतं कुष्ठरोग. माझ्या आत्याला कोड होतं, सासरच्यांनी तिला परत पाठवलं होतं, ती आमच्याकडेच असायची.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. दोन महिने झाले, तिला सासूबाईंजवळ झोपवते. आईचा हात दुखतो असं सांगितलंय. रोज विचारते, 'आई, हात बरा झाला का?' माझा टॉवेल, उशी, साबण मी वेगळा केलाय. दूध, दही, मासे, आंबट सगळं सोडलं. मिस्टरांना दिवसातून दहादा दंड दाखवते. ते 'काही नाही गं' म्हणतात, पण तासाभरानं परत विचारल्याशिवाय राहवत नाही. मला खरंच काही झालंय, की मला वेड लागतंय?

– एक शिक्षिका


बाई,

तिसरीतली पोरं तुम्हाला याच नावानं हाक मारत असतील, म्हणून मीही तेच वापरते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं पत्र तुम्ही तो धरूनच वाचाल. तुम्हाला वेड लागत नाहीये. आणि तुम्हाला काही झालंय का, तर हो, झालंय. दंडावर शिबं झालं आहे आणि मनात एक भीती घर करून बसली आहे. दोन्ही खरी आहेत, दोन्हींवर उपाय आहे. फक्त गेले काही महिने तुम्ही मनातल्या भीतीचा इलाज दंडावर शोधताय.

मी डॉक्टर नाही. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात त्वचारोग विभागात परिचारिका म्हणून मी बरीच वर्षं काम केलं आणि नंतर समुपदेशनाकडे वळले. तेव्हा तुमच्या डागाचं निदान मी करणार नाही. ते तपासून झालेलं आहे. पण त्या तपासण्यांचा अर्थ तुम्हाला कुणी बसून सांगितलेला दिसत नाही, तेवढा सांगते.

तालुक्याच्या मॅडमनी कापूस फिरवला तो उगाच नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्याची मोठी खूण म्हणजे तिथली संवेदना जाते. ती तपासताना रुग्णाला डोळे मिटायला लावतात, हलकासा स्पर्श करतात आणि विचारतात, 'कुठं लागलं, बोट ठेवून दाखवा.' डोळे मिटलेले असताना तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत, म्हणजे त्या जागेची संवेदना शाबूत आहे. बहुतेक त्यांनी तुमच्या कोपराच्या मागची नसही चाचपली असेल, तुमच्या लक्षात आलं नसेल. पुण्याच्या डॉक्टरांचा तो निळसर दिवा कोड ओळखायला फार उपयोगी पडतो. कोडाचा डाग त्या उजेडात खडूसारखा पांढराशुभ्र चमकतो, शिबं पिवळसर दिसतं. आणि खरवडून काचपट्टीवर घेतलं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. शिबं असेल तर तिथे बुरशीचे बारीक तुकडे आणि गोल दाणे दिसतात, शेवयांवर साबुदाणा सांडावा तसे. म्हणजे तुमच्या मनात जे दोन रोग आहेत, त्या दोन्हींसाठी वेगवेगळी तपासणी झाली आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. याहून जास्त तपासण्यासारखं त्या रुपयाएवढ्या जागेत काही उरलेलं नाही.

मग डाग जात का नाही? तुमच्या सगळ्या शंकेचं मूळ इथे आहे आणि याचं उत्तर अगदी साधं आहे. शिबं ज्या बुरशीमुळे होतं, ती मॅलासेझिया, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या त्वचेवर राहते. घाम, दमट हवा, तेलकट त्वचा असं काहीतरी जमून आलं की ती वाढते आणि त्या जागी रंग तयार होण्याचं काम मंदावतं. लोशननं बुरशी मरते, पण रंग परत यायला आठवडे लागतात, कित्येकदा काही महिने. मूळ दुखणं गेलं तरी डाग मागे राहतो. भिंतीवरची तसबीर काढली तरी तिच्यामागचा चौकोन बरेच दिवस फिकट दिसतो ना, तसं समजा. दवाखान्यात यावरूनच किती जण औषध अर्धवट सोडून दुसरा डॉक्टर गाठायचे! पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला शिबं परत उठलं, तर तेव्हाही नवीन काही झालेलं नसेल. त्याची तशी खोडच आहे.

आणखी एक विचारते, रागावू नका. मधल्या काळात मेडिकलमधून कुणाला न विचारता एखादी ट्यूब आणून लावलीत का? तीन-चार औषधं एकत्र असलेली, 'खाज, गजकर्ण, सगळ्याला चालते' म्हणून देतात ती? पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण तुमच्यासारख्या घाबरलेल्या माणसानं ती आणलेली मी शंभरदा पाहिली आहे. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं. त्यानं बुरशी दबून पुन्हा पसरते, त्वचा पातळ होते आणि उलट फिकट पडते. असेल तर आज थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

आता त्या पिनेबद्दल.

माझा थोरला भाऊ कॅन्सरनं गेला, त्या वर्षी मला मानेत वाटाण्याएवढी गाठ लागली. मी नर्स, मला सगळं कळत होतं. तरी मी ती दिवसातून चाळीस-पन्नास वेळा दाबून बघायची. बसमध्ये, ड्यूटीवर, भाकरी थापताना मनगटानं. आठवड्याभरात ती दुखायला लागली, आजूबाजूला सूज आली आणि मी म्हटलं, 'बघा, वाढली!' आमच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, 'सिस्टर, ही गाठ साधी आहे. सूज तुमच्या बोटांची आहे.' हात लावायचा सोडला, दहा दिवसांत सूज उतरली.

तुमची पिन हेच करतेय. एकाच जागी रोज टोचलं की ती जागा हुळहुळी होते, बारीक खपल्या धरतात, एका ठिकाणी जास्त लागतं, शेजारी कमी लागतं. शिवाय भीतीनं हात कधी हलका पडतो, कधी जोरात. 'लागलं का? नक्की लागलं का? काल एवढंच लागलं होतं का?' असं स्वतःला विचारत टोचलं तर कुणालाही शंका येईल. खात्री करायची असेल तर उजव्या दंडावर, जिथे काही नाही तिथे, महिनाभर टोचून बघा म्हणावं, तिथेही तुम्हाला कमी-जास्त लागेल. पण तसं म्हणत नाही, कारण टोचणंच थांबवायचं आहे. टोचून टोचून जखम चिघळली तर तो नवा त्रास होईल.

लक्ष दिलं की शरीर बोलायला लागतं, हे तुम्हाला मी काय सांगावं? वर्गात एका मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या की पाच मिनिटांत पन्नास हात डोक्यात जातात. बाईंचाही जातो. त्या सगळ्यांच्या डोक्यात उवा असतात का? खाज मात्र खरी असते. तुमच्या दंडाला जे काही जाणवतं, ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की ते जाणवणं हा रोगाचा पुरावा होत नाही.

फोटोंचंही तेच. सकाळी खिडकीशी काढलेला एक, ट्यूबलाइटखाली काढलेला दुसरा, आणि मोबाईल स्वतःच उजेड कमी-जास्त करतो ते वेगळंच. चारशे फोटोंत डाग चारशे रंगांचा दिसणार. त्यातला सगळ्यात फिकट फोटो तुमच्या लक्षात राहतो, बाकीचे तीनशे नव्व्याण्णव विसरतात.

तुमचा दिवस तुम्हीच मला लिहून कळवलाय, तो परत वाचून दाखवते. मनात शंका येते. छातीत धस्स होतं. मग तुम्ही काहीतरी करता: फोटो, पिन, मोबाईल नाहीतर मिस्टर. क्षणभर बरं वाटतं. ते बरं वाटणं तासभर टिकतं आणि शंका पुन्हा येते, या वेळी जरा मोठी होऊन. प्रत्येक वेळी बघितल्यावर सुटका होते, म्हणून मन शिकतं की बघितलं म्हणूनच वाचलो. बघणं वाढत जातं. डॉक्टर एकाचे चार होतात ते असेच. पाचवे डॉक्टर जगातले सगळ्यात मोठे असले तरी त्यांचं 'काही नाही' तुम्हाला दोन दिवस पुरेल. मिस्टरांचं तासभर पुरतं, एवढाच फरक.

चौथे डॉक्टर जे बोलले ते ऐकून मला वाईट वाटलं. सल्ला चुकीचा नव्हता, पण भीतीनं अर्धमेल्या झालेल्या बाईच्या अंगावर तो असा फेकायचा नसतो. ते ओरडले, म्हणून मनाच्या डॉक्टरकडे जाणं तुमच्यासाठी आता अपमानाची गोष्ट झाली. त्याबद्दल पुढे लिहिते.

त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे जायचंय. आत्याचं वाक्य. एवढ्या लांब पत्रात तुम्ही आत्याला एकच ओळ दिलीत आणि लगेच मुलीकडे वळलात. मी तिथे बराच वेळ थांबले.

तुमच्या लहानपणी आत्या घरात कशी राहत होती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्या काळातली घरं मी पाहिली आहेत. अंगावर पांढरे डाग आलेली बाई माहेरी परत आली की तिला मागची खोली मिळायची. ताट-वाटी वेगळी. पाण्याचा तांब्या वेगळा. कपडे वेगळ्या दोरीवर. हळदीकुंकवाला पुढे यायचं नाही, बारशाला पाळण्याला हात लावायचा नाही. कोड हे संसर्गानं होत नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून ते डाग येतात. त्या बाईचा कुणालाही काडीचा धोका नव्हता. पण लोक कोड आणि कुष्ठ यांत फरक करत नव्हते आणि कुष्ठ म्हटलं की माणूस संपलाच असं धरत होते. पोरं हे सगळं बघत मोठी होतात. कुणी समजावून सांगत नाही, तरी त्यांना कळतं की अंगावर डाग आला की आपलं ताट वेगळं होतं.

आता तुमच्या न्हाणीघरात लावलेला तो वेगळा टॉवेल बघा, बाई. वेगळी उशी बघा, वेगळा साबण बघा. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, सासूबाईंनी नाही, मिस्टरांनी नाही. कुणी बोलायच्या आधी तुम्हीच स्वतःला मागच्या खोलीत नेऊन बसवलंत. आत्याला जे घरच्यांनी केलं, ते तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःला केलंत. मला वाटतं, तुमची भीती त्वचेच्या रोगाची कमी आणि त्या खोलीची जास्त आहे. म्हणून कुणी कितीही तपासलं तरी ती जात नाही. दंड तपासणाऱ्याला ती खोली दिसतच नाही.

आणि समजा, अगदी वाईटात वाईट धरून चालू. समजा, तो डाग कुष्ठरोगाचा असता. तर सरकारी दवाखान्यातून तुम्हाला गोळ्या फुकट मिळाल्या असत्या, सहा महिने किंवा फार तर बारा महिने, आणि तुम्ही पूर्ण बऱ्या झाला असता. औषध सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता फार लवकर संपते. शंभरातल्या पंचाण्णवाहून जास्त माणसांना या जंतूविरुद्ध जन्मतःच प्रतिकारशक्ती असते, आणि बाकीच्यांनाही तो हात लावल्यानं होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, जवळच्या सहवासात राहिलं तरच शक्यता असते. बाबा आमटे यांनी कोलकात्यात कुष्ठरोगाचं शिक्षण घेताना संशोधनासाठी हे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले होते, तरी त्यांना रोग झाला नाही. कायद्यातही फरक पडला आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून धरलं जायचं, ते २०१९ साली काढून टाकलं. आणि समजा, कोड असतं, तर मलमं आहेत, प्रकाशोपचार आहे, डाग वाढायचे थांबलेले असतील तर शस्त्रक्रियाही आहे. घरात कुणाला असलं तर आपल्याला होण्याची शक्यता थोडी वाढते, पण बहुतेक नातेवाइकांना ते कधीच होत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्यानं तर मुळीच होत नाही. या तिन्हींपैकी कुठल्याही डागासाठी मुलीला दूर झोपवायची गरज नव्हती, आजही नाही.

३० जानेवारीला तुम्ही मुलांकडून म्हणून घेतलंत की कुष्ठरोग्याशी भेदभाव करणार नाही. तुम्ही ते मनापासून म्हणालात, यात मला शंका नाही. तीच प्रतिज्ञा आता स्वतःसाठी पाळायची आहे.

काय करायचं, ते आता सांगते. सगळं एकदम जमणार नाही आणि त्याची गरजही नाही.

सुरुवात मुलीपासून. आज रात्री तिला कुशीत घ्या. भीती गेल्यावर घेईन, असं ठरवू नका, कारण तिला दूर ठेवल्यानंच भीती पोसली जातेय. भीती असतानाच घ्या. पहिल्या रात्री छाती धडधडेल, दंड जड वाटेल, उठून बसावंसं वाटेल. उठू नका. अर्ध्या तासानं, फार तर तासाभरानं ते आपोआप उतरतं. चढलेली भीती कायम चढलेली राहत नाही, शरीराला ते झेपतच नाही. तुम्हाला हे अजून ठाऊक नाही, कारण ती उतरायच्या आधीच तुम्ही पिन हातात घेता. मुलीनं 'हात बरा झाला का?' विचारलं तर 'हो, झाला' म्हणा. ते खोटं नाही, हाताला काही झालेलंच नव्हतं.

मग डॉक्टर. चारांपैकी एक निवडा. मला तालुक्याच्या मॅडम बऱ्या वाटतात, त्यांनी सावकाश तपासलेलं दिसतं आणि त्या जवळही आहेत. एकदा जा, मिस्टरांना बरोबर घ्या. पत्रातल्या सगळ्या गोष्टी सांगा, पिनेचीही. एवढंच विचारा: रंग यायला किती काळ धरायचा आणि पुन्हा दाखवायला कधी यायचं? ती तारीख कॅलेंडरवर लिहा. डागावर लक्ष ठेवायचं काम त्या तारखेला मॅडमचं आहे. मधल्या दिवसांत तुम्ही त्या कामावरून सुट्टीवर आहात. डाग खरोखर झपाट्यानं पसरला किंवा एखादी जखम भरेना, असं झालं तर ते तुम्हाला शोधावं लागणार नाही, आंघोळ करताना, साडी नेसताना सहज लक्षात येईल आणि मग तारखेच्या आधी जा. त्यासाठी भिंग घेऊन बसायची गरज नाही.

फोटो मिस्टरांच्या समोर बसून एकदाच काढून टाका. एक त्यांच्या मोबाईलमध्ये राहू द्या, मॅडमना दाखवायला. मोबाईल रात्री नऊनंतर स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवायचा. सकाळी लवकर उठायला गजराचं साधं घड्याळ आणा. पिन पदराला लावायची, बस्स.

पिन घ्यावी, बघावं, विचारावं अशी हुक्की येईल तेव्हा लढू नका, फक्त पुढे ढकला. वीस मिनिटं. तुम्ही रोज हजेरी घेता, इथेही घ्या. जुन्या वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहा आणि भीती दहापैकी किती ते लिहा. वीस मिनिटांनी परत आकडा लिहा. मधल्या वेळात दळण निवडा, वह्या तपासा, अंगणात फेरी मारा. पहिल्या आठवड्यात आठाचे सात होतील. कधी आठाचे नऊही होतील, त्यानं खचू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पानावरच्या नोंदी विरळ व्हायला लागतात. एखाद्या दिवशी राहवलं नाही आणि बघितलंत, तर तेही लिहा आणि पुढे चला. गैरहजर राहिलेल्या पोराचं नाव आपण पटावरून काढत नाही.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. त्यांनी खूप सोसलंय आणि प्रेमानं सोसलंय. भाऊ, तुमच्यासाठी दोन ओळी. बाईंनी दंड पुढे केला की 'काही नाही गं' म्हणू नका आणि चिडूही नका. म्हणा, 'याचं उत्तर मी दिलंय. तुला भीती वाटतेय हे कळतंय मला. चल, चहा टाकू.' डागाबद्दल बोलायचं नाही, भीतीबद्दल हवं तेवढं बोला. सुरुवातीला त्यांना हे निष्ठुर वाटेल. तुम्हालाही. दोन आठवडे धरून राहा.

दूध आज रात्रीपासून सुरू करा. मासे रविवारी. उपाशी, अर्धपोटी शरीराला काळजी जास्त चढते.

आता मनाच्या डॉक्टरबद्दल. तब्येतीची अशी भीती मनात घट्ट बसते, तिच्यावर विशेष प्रकारचं समुपदेशन आहे आणि ते चांगलं लागू पडतं. वर जे लिहिलं ते त्यातलंच थोडंसं आहे. समोरासमोर, आठवड्याच्या आठवड्याला बसून केलं की खूप सोपं जातं. कधीकधी काही महिने गोळ्याही देतात, त्यानं झोप सुधारते आणि मनाला बळ मिळतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे ओळखीचं कुणी भेटेल असं वाटत असेल तर आधी १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री चालते आणि मराठीत बोलता येतं. सहा आठवडे मनापासून प्रयत्न करून वहीतले आकडे उतरत नसतील, तर जायचंच. आणि जगण्याचाच कंटाळा आला, झोपेतून उठूच नये असं एकदा जरी वाटलं, तर सहा आठवडे थांबायचं नाही. त्याच क्षणी मिस्टरांना उठवायचं आणि हा क्रमांक लावायचा. चौथ्या डॉक्टरांनी तो दरवाजा आपटून बंद केला असेल, पण तो तुमच्यासाठी उघडाच आहे.

एक राहिलं. आत्या हयात आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर या सुट्टीत मुलीला घेऊन एक दिवस त्यांच्याकडे जा. दंडाचं काही काढू नका. त्या मागच्या खोलीत त्यांचे दिवस कसे गेले, ते विचारा. कदाचित तो प्रश्न त्यांना आजवर कुणीच विचारला नसेल. जेवायला बसाल तेव्हा त्यांच्याच ताटातला एक घास मुलीला भरवायला सांगा. आत्या नसतील तर आईला, नाहीतर वडिलांना विचारा, तिचं ताट कुठे ठेवलेलं असायचं. ऐकून रडू आलं तर रडा.

आणि तो टॉवेल. तो आज बाकीच्या कपड्यांत धुवायला टाका, उन्हात सगळ्यांच्या दोरीवर वाळत घाला आणि संध्याकाळी घडी करून कपाटात मुलीच्या टॉवेलवर ठेवा. उद्या सकाळी जो हाताला येईल तो घ्यायचा.

तुमची,
ताई